जमीन तोडू नको

सावली,
११ जून २०२४

बाई,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील. मग भात लावशील, भांडी घासशील, वह्या तपासशील आणि आता काहीच उरलं नाही म्हटल्यावर उघडशील. तेवढा वेळ मी धरूनच चाललो आहे. पत्ता आपल्या आईनं दिला. शाळेचं नाव मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि तिन्ही वेळा ते वेगळं आलं. म्हणून पाकिटावर नुसतं ‘गणिताच्या मंजुषा मॅडम, सिरोंचा’ असं लिहिलं आहे. गाव लहान आहे, पोस्टमन शोधेल.

दर रविवारी तू आईला फोन करतेस आणि मी उचलला की ठेवून देतेस. दीड वर्ष होऊन गेलं. माझी तक्रार नाही. तू गेलीस त्या दिवशी मी जे बोललो, ते कुणी मला बोललं असतं तर मी आईलाही फोन केला नसता.

घरचं सांगतो. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. तोटा एवढाच झाला की आता तिला माझ्या दुकानातली धूळ दिसते आणि ती रोज फडकं घेऊन येते. बाबा धानाचे पऱ्हे टाकायच्या तयारीत आहेत. गुडघा दुखतो, पण बांधीत उतरायचं सोडत नाहीत. मी पंखे, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. सर्किटचे बोर्ड आखायचं काम तू गेल्यापासून केलं नाही. नागपूरहून दोनदा विचारणा आली, मी डोळे दुखतात असं सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मे महिन्यात गडचिरोलीच्या संस्थेनं आपलं गोदाम रिकामं केलं आणि तांदळाच्या पोत्यात घालून सात वजनकाटे माझ्याकडे पाठवले. सोबत चिठ्ठी होती, ‘तुम्हा बहीणभावाचे आहेत, भंगारात देववत नाहीत.’ आपण दहा केले होते, बाई. लेकरू वर ठेवलं की वजन दाखवायचं आणि सिमकार्डावरून तेच वजन आपोआप दवाखान्याला कळवायचं. बोलणारा काटा म्हणायचे लोक त्याला. सर्किट तुझं, बोर्ड माझा. पहिला काटा चालला त्या दिवशी आईनं शेजारपाजारची सगळी लेकरं आणून त्यावर ठेवली होती. एकानं त्यावरच धार धरली, तेव्हा तू हसलीस तशी नंतर हसलेली मला आठवत नाही.

येरंडटोल्याचा काटाही पोत्यात आहे. रिनाच्या मुलीचं वजन चार वेळा वाढलेलं दाखवणारा तोच. मुलगी मात्र सव्वा महिन्यातच वारली.

मी तो उघडला. दहा-बारा दिवस त्याच्याशी झटलो. बाई, तुझ्या सर्किटात चूक नव्हती. चूक बोर्डात होती. हे तुला कळावं म्हणून पत्र लिहिलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना तुझ्या डोक्यात तेच आकडे फिरत असतील हे मला ठाऊक आहे. ते थांबव.

तुझा,
निकेश


सावली,
४ जुलै

बाई,

पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ: ‘बोर्डात म्हणजे नेमकं कुठे?’ ना जय भीम, ना सही. लटारूभाऊ पोस्टमननं दारातच वाचून काढलं आणि मला म्हणाला, “बोर्ड म्हंजे दहावीचा का बे? बाईचा निकाल लागून राह्यला का?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तू विचारलंस म्हणजे तुझं डोकं अजून तिथेच आहे. बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

तू मला बोर्ड आखायला शिकवलंस तेव्हाचा पहिला धडा मला अजून पाठ आहे. बारावीत आपटलेल्या भावाला समोर बसवून तू म्हणाली होतीस, “कागदावरची रेघ म्हंजे नुसती रेघ. बोर्डावरची रेघ म्हंजे तांबं. तिले लांबी असते, रुंदी असते, अना शेजार असते.” एकच सर्किट दोन जणांनी आखलं तर एकाचं चालतं आणि दुसऱ्याचं कुरकुरतं, हे मला तेव्हा जादूसारखं वाटायचं. पंख्याच्या नाहीतर दिव्याच्या सर्किटात शेजार कसाही असला तरी चालून जातं. पण जिथं व्होल्टच्या हजाराव्या भागाची मोजदाद करायची, तिथं कोण कोणाशेजारी बसलं यावरच सगळं ठरतं.

आणि दुसरा धडा, जमिनीचा. बोर्डाच्या खालच्या अंगाला जो अखंड तांब्याचा पत्रा सोडतात त्याला सगळे ग्राउंड म्हणतात, तू जमीन म्हणायचीस. गेलेला प्रवाह परत येतोच, आणि तो ज्या रेघेवरून गेला तिच्या बरोबर खालून, जमिनीतून परत येतो. म्हणून जमीन तोडू नको.

तर नेमकं कुठे. सिमवाला भाग बसतो त्याच्या पोटाखाली जमिनीत एक फट आहे. अर्धा मिलिमीटर रुंद, दोन बोटं लांब. वरून पाहिलं तर ती दिसत नाही. बोर्ड काढून उलटा केल्याशिवाय मलाही दिसली नाही. सिमवाला भाग टॉवरशी बोलायला लागला की धडाधड प्रवाह ओढतो, एका वेळी दोन अँपिअरपर्यंत. तो प्रवाह परत येताना बघतो तर वाट तुटलेली. मग फटीला वळसा घालून येतो. आणि त्या वळशावर तुझा अँप्लिफायर बसला आहे. लेकराचं वजन झेलणाऱ्या पट्टीकडून त्याला मिळणार किती, तर पाव किलोमागे व्होल्टच्या हजाराव्या भागाचाही चौथा हिस्सा. तो ज्या जमिनीला शून्य मानून मोजतो ती जमीनच तेवढ्या वेळापुरती वर उचलली जाते. बिचारा मोजतो बरोबर, पण चुकीच्या शून्यापासून.

तू विचारशील, मग आपल्या चाचणीत का दिसलं नाही? दोनशे वेळा तर वजन केलं होतं. टॉवर आपल्या घराच्या मागं आहे, बाई. इथं सिमवाला भाग कुजबुजला तरी टॉवरला ऐकू जातं. येरंडटोल्यात एक काडी नेटवर्क येतं आणि जातं. तिथं तो पूर्ण जोर लावून ओरडतो. तू लिहिलं होतंस की आधी वजन घ्यायचं आणि मग पाठवायचं. पण नेटवर्क सुटलं की तो वजनाच्या वेळीही टॉवर शोधत बसतो. सावलीत पास झालेला काटा जंगलात नापास झाला तो असा.

खात्री करायला मी काटा घेऊन एटापल्लीच्या रस्त्यानं गेलो. जिथं माझ्या फोनवर काही उमटेना तिथं उतरलो. इसरूभाऊच्या दुकानातून दोन किलोचं लोखंडी माप उसनं घेतलं होतं. ते ठेवलं. दोन किलो एकशे नव्वद. पुन्हा ठेवलं, दोन किलो दोनशे ऐंशी. पुन्हा, दोन किलो सत्तर. रस्त्यानं जाणारी बाई थांबून म्हणाली, लोखंडाचं काय वजन करून राह्यले भाऊ? मग मी बोर्ड उलटा केला, गॅसवरची सोल्डरची कांडी गरम करून फटीवर तांब्याची पट्टी डागली. माप ठेवलं. दोन किलो तीन ग्रॅम. वीस वेळा ठेवलं. तीन, दोन, चार, तीन.

दहा मिनिटांचं काम होतं.

वजन झालं की वाजणारा बजर लावायचं मागाहून ठरलं, त्याच्या तारेसाठी जागा नव्हती आणि त्यात जमिनीत ती फट पडली. असं झालं आहे. तुझा अँप्लिफायर, तुझं गणित, सगळं बरोबर होतं.

निकेश


सावली,
२२ जुलै

बाई,

दुसरं पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. ‘फट पडत नाही, पाडावी लागते. कोणी पाडली ते विचारत नाही. तुला कधी कळलं?’

लटारूभाऊनं या खेपेला काही विचारलं नाही, कार्ड उलटं करून हातात दिलं. तीन दिवस मी दुकान उघडलं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हटल्यावर लिंबू उतरवायचं म्हणत होती. बाबा तिच्यावर खेकसले, आपल्या घरात असलं काही चालत नाही म्हणून. रोवणीचे दिवस आहेत, माणसं मिळत नाहीत आणि मी खाटेवर पडून आहे, म्हणून ते माझ्यावरही खेकसले.

फट मी पाडली. तू विचारत नाहीस तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात मी ‘पडली’ असं लिहून गेलो आणि लिहिताना मला बरंही वाटलं.

संस्थेनं अखेरच्या आठवड्यात सांगितलं की वजन स्थिर झालं की काटा वाजला पाहिजे, गावोगावच्या आशाताईंना बारीक आकडा नीट दिसत नाही. तू चंद्रपूरला होतीस. फोनवर आपलं बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“बजरची तार वरून फिरवून घे, निक्या. खालची जमीन तोडू नको.”

“वरून नेली त अकरा भाग सरकवा लागते, बाई.”

“सरकव मंग.”

मी बरं म्हणालो आणि सरकवले नाहीत. अकरा भाग सरकवायचे म्हणजे पूर्ण दिवस. त्यातही दिवसाचं एवढं नव्हतं. मांडणी मला फार देखणी जमली होती, सगळे भाग ओळीत, रोवणीच्या रांगेसारखे. ती मोडवेना. मग मी जमिनीला एक तोंड पाडलं आणि तार त्यातून काढली. तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही लिहितो, हसू नको. वाटलं, दोन बांध्यांमधल्या धुऱ्याला तोंड पाडल्याशिवाय वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत जातं का? आपण दोघांनी लहानपणी हेच केलं, बाबांनी ओरडून सांगायचं आणि आपण पायानं चिखल सारून तोंड उघडायचं, बुजवायचं. तोंड पाडलं म्हणजे वाट होते, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की जमिनीला फट पाडताना हात अडखळलाच नाही. बोर्डावर ते उलटं असतं. तिथं तोंड पाडलं की वाट बंद होते. तू हे मला शंभरदा सांगितलं होतंस. नागपूरच्या कोणत्याही इंजिनिअर पोरानं असा विचार केला नसता. तो निदान घाबरला तरी असता.

त्याच संध्याकाळी तू विचारलंस, “जमीन अखंड आहे ना?” मी म्हणालो, “आहे.”

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला या मे महिन्यात कळलं नाही. मला त्याच वेळी कळलं.

मुलगी गेली त्यानंतरच्या आठवड्यात संस्थेत बैठक होती, ऑगस्ट २०२२ मध्ये. तू आत डॉक्टरांशी बोलत होतीस. मी ओसरीत बाकावर. येरंडटोल्याच्या आशाताई, गिरजाबाई, माझ्याजवळ येऊन बसल्या. पहाटेची गाडी धरून आल्या होत्या, तुला भेटायला. म्हणाल्या, “काटा बोलून राह्यला का फुगते, बाबू. निळा दिवा लागला का आकडा वर जाते, दिवा गेला का खाली येते. मी त पह्यले समजली नाई. बाईले सांगा लागते हे.” निळा दिवा म्हणजे सिमवाला भाग टॉवरशी बोलतोय. हे ऐकलं आणि मला ती फट दिसली, जशी पडद्यावर आखली होती तशी, लाल रंगात. मी त्यांना म्हणालो, “तुमी बसा, मी सांगतो बाईले.” त्या बिचाऱ्या माझ्यावर सोपवून परतीच्या गाडीला गेल्या.

मी आत आलो. तू उभी राहिलीस. “सर्किट माझं आहे, चूक माझी आहे,” म्हणालीस. कुणीतरी विचारलं, बोर्डात काही असेल का? तू म्हणालीस, “बोर्डात शंका नको. तो माझ्या भावानं केलाय. त्याचा हात साफ आहे.”

माझ्या हातात चहा होता. मी तो पिऊन संपवला, बाई. शेवटपर्यंत प्यालो.

काटे त्याच दिवशी सगळ्या गावांतून परत मागवले गेले, म्हणून आणखी कुणाचं लेकरू त्यावर ठेवलं गेलं नाही. याचं काही पुण्य असेल तर ते तुझं, तू मागवलेस. डॉक्टर म्हणाले होते की मुलीला जंतुसंसर्गही होता, काटा बरोबर असता तरी सांगता येत नाही. दोन वर्षं मी हे वाक्य अंगावर पांघरून झोपलो. पण वजन उतरतंय हे कळलं असतं तर तिला दोन आठवडे आधी गडचिरोलीला नेलं असतं, हेही मला ठाऊक होतं आणि तुलाही.

पुढचे तीन महिने तू रोज तेच सर्किट पुन्हा पुन्हा मांडत बसलीस. वाळत गेलीस. गेलीस त्या दिवशी फाइल घेऊन माझ्या दुकानात आली होतीस. “एकदा माह्यासोबत बस, निक्या. चूक कुठी आहे ते सापडूनच नाई राह्यली मले.” मी कांडी खाली न ठेवता म्हणालो, “तुही चूक तू निस्तर. मले कायले ओढतं?”

फाइल काउंटरवर ठेवून बसस्टँडकडे गेलीस. ती फाइल मी वरच्या फळीवर, सगळ्यांच्या मागे ठेवली. सापडत नव्हती ती चूक त्यात नव्हतीच, त्यामुळे तू आयुष्यभर शोधत राहिली असतीस.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला चार पानं लागली.

संस्थेला मी काल पत्र टाकलं आहे, सगळं लिहून, माझ्या सहीनं. त्याची नक्कल सोबत आहे. आता मी काय करू ते तू सांग. तू म्हणशील ते करीन.

निकेश


सावली,
९ सप्टेंबर

बाई,

तुझं पोस्टकार्ड आलं नाही, निरोप आला. रविवारी फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायला लागली. म्हणाली, “मंजू म्हणे, निक्याले सांग, मले नाई, रिनाले सांगाचं आहे. कोन आहे रे हे रिना? पोरगी पाह्यली का तू?” दोन दिवस ती खुशीत होती. तिसऱ्या दिवशी मी तिला आणि बाबांना बसवून सगळं सांगितलं. आई रडली. बाबा उठून बांधीवर गेले. आल्यावर जेवले नाहीत. माझ्याशी ते अजून कामापुरतंच बोलतात.

संस्थेचं उत्तर आलं, दोन ओळींचं. नोंद घेतली आहे, विषय त्या वेळीच बंद झाला आहे. मी ते उत्तर तुला पाठवणार होतो, पण त्यात पाठवण्यासारखं काही नाही.

परवा येरंडटोल्याला जाऊन आलो. गडचिरोली, एटापल्ली आणि पुढं दोन तास पायी. गिरजाबाई फाट्यावर घ्यायला आल्या होत्या. त्यांची माफी मी रस्त्यातच मागितली. त्या पुढं चालतच राहिल्या आणि मागे न पाहता म्हणाल्या, “मले वाटे, मी सांगतलं अना बाईनं आयकलं नाई. बाईले दोष देत होती मी.” म्हणजे तुझ्यावर माझ्यामुळे आलेलं आणखी एक ओझं मला तिथं कळलं.

रिना घरी होती. लालसू, तिचा नवरा, अंगणात बसून दोर वळत होता. तिला आता मुलगा आहे, साडेचार महिन्यांचा. झोळीत निजला होता. मुलगी गेल्यावर तू तिला भेटून आलीस तेव्हापेक्षा ती मोठी दिसते, आहे अजून पंचविशीच्या आतच.

मी खाली बसून सांगितलं. साधंच सांगितलं. त्या काट्यात एक जागा अशी होती की तिथं मी चूक केली, त्यामुळे तो जास्त वजन दाखवायचा, आणि मला कळल्यावरही मी बोललो नाही. मंजुषाबाईची चूक नव्हती. जिथं माझी मराठी पोचेना तिथं गिरजाबाई माडियात सांगत होत्या. लालसूचे हात थांबले. मग तो दोर तिथंच टाकून बैलाकडे गेला आणि मी होतो तोवर परत आला नाही.

रिनानं विचारलं, “मंग खरं वजन किती होतं तिचं?”

बाई, या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. चारही दिवसांचे आकडे माझ्या खिशात होते. वाटलं होतं, कधी कुणी विचारलं तर वजा करून सांगता येईल. येत नाही. त्या त्या दिवशी नेटवर्क किती होतं, सिमवाला भाग किती जोरानं ओरडत होता, यावर चूक कधी सत्तर ग्रॅम, कधी दोनशे ऐंशी. ते आता कुणालाच काढता येणार नाही. तू स्वतः बसलीस तरी नाही. मी तिला म्हणालो, “ते सांगता येत नाही.”

“हलकी होती ना पन?”

“हो.”

ती गिरजाबाईंकडे वळली. मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून असेल. “मी म्हटलं होतं ना तुमाले? मले हातात हलकी लागे. रोज हलकी लागे. काटा म्हने भरली.”

गिरजाबाई खाली पाहत म्हणाल्या, “म्हटलं होतं तिनं. मी आकडा दाखवला तिले.”

मग हळूहळू कळलं ते असं. मुलगी गेल्यावर रिनाच्या मनानं घेतलं की आपल्या हातांना कळत नाही. आकडे वाढत होते, मशीन खोटं कसं बोलेल, मग हातच खोटे. हा मुलगा झाल्यापासून त्याचं अंग गरम आहे का, पोट भरलं का, हे ती सासूला विचारते. सासू घरी नसली तर गिरजाबाईंकडे घेऊन जाते. तिनं स्वतः ठरवलेलं काही नाही. पाजते, न्हाऊ घालते आणि दुसऱ्याच्या हातात देते.

मी म्हणालो, “तुमच्या हाताले बरोबर समजत होतं. काटा खोटा होता.” गिरजाबाईंनी ते माडियात पुन्हा सांगितलं. रिनानं त्यांना ते आणखी एकदा सांगायला लावलं.

मग ती उठली. झोळीतून मुलाला काढलं, निजलेलाच. दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला आणि तशीच उभी राहिली. हात थोडे वर न्यायची, थोडे खाली. मुलगा जागा झाला, हातपाय ताणले, रडला नाही. मग ती म्हणाली, “हा भरला आहे.” कुणाला विचारलं नाही. आणि मग जी रडायला लागली, बाई, ते मला लिहिता येत नाही. मीही रडलो. माझ्या रडण्याला तिथं जागा नव्हती, तरी रडलो.

निघताना मी तिच्यापुढं वाकलो. तिनं पाय आत ओढून घेतले.

“तुमी नका,” ती म्हणाली. “त्या बाईनं डोकं ठेवलं होतं माह्या पायावर. मी ठेवू देल्लं. मले वाटलं, तिचीच चूक आहे. ते तिले वापस द्या लागते मले पह्यले. तुमचं मंग पाहू. तिले घेऊन या.”

मी हो म्हणून आलो आहे.

निकेश